वाफसा आला का?

ऑगस्टचा शेवटचा आठवडा आला की माझा फोन तापायचा. दोन-तीन दिवस सलग ऊन पडलं, कुणाच्या कुंपणाशी चार डॅफोडिल डोलले, की न्यूझीलंडमधल्या आमच्या अख्ख्या हॅमिल्टनला एकदम आठवायचं, अरे, आपल्याला लॉन आहे! मग एकच प्रश्न. "सुधीर, कधी येतोस?" किवी मंडळींचा तोच आणि आपल्या मंडळींचाही तोच. सतरा वर्षं मी या प्रश्नाची उत्तरं देऊन पोट भरलं. गेल्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला, गवत कापायचा मोअर आणि ट्रेलर विकून टाकले, तरी फोन काही थांबत नाहीत. परवा मंडळाच्या दिवाळी अंकाच्या बैठकीत एका मुलीने धरलंच. "काका, हिवाळ्यानंतर लॉन कधी कापायला घ्यायचं ते लिहा ना. सगळ्यांना उपयोग होईल."

लिहितो. पण उपयोगाचं तेवढं लिहून थांबता येईल असं मला वाटत नाही.

आधी उपयोगाचं. गवत कापायला काय अक्कल लागते, असं बाहेरच्याला वाटतं. चिंचवडच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर होतो तेव्हा मीही तेच म्हणालो असतो. इथे आल्यावर दीड वर्ष अर्ज केले. सगळीकडे गोड हसून सांगायचे, 'लोकल एक्स्पिरियन्स' नाही. बायको, वैशाली, हॉस्पिटलात नर्स. ती ड्युटीवर आणि मी घरात पोळ्या लाटणारा. शेवटी ग्रॅहम नावाच्या एका म्हाताऱ्या लॉनवाल्याने निवृत्त होताना आपली गिऱ्हाइकं माझ्या हवाली केली. पहिला महिनाभर तो माझ्याबरोबर फिरला. बोलायचा कमी. पहिल्या दिवशी मला एका हिरव्यागार लॉनच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाला, "टाच दाब." मी दाबली. "आता पाय उचल." टाचेच्या खळग्यात पाणी साचलं होतं. "चल, घरी जाऊ," म्हणाला. झाला पहिला धडा.

आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ पडत नाही, पाऊस पडतो. जून-जुलैत जमीन तुडुंब भिजलेली असते. त्यात आमचं रोटोटुना हे उपनगर म्हणजे कालपरवापर्यंत गाईंची कुरणं आणि त्याच्याही आधी दलदल. अशा जमिनीवर मोअर घातला की चाकोऱ्या पडतात, त्या ख्रिसमसपर्यंत बुजत नाहीत. माती दबते, मुळं गुदमरतात. ओलं गवत कापलं जात नाही, फाटतं, आणि चार दिवसांत टोकं पिवळी पडतात. म्हणून टाचेत पाणी येईनासं झालं की सुरुवात करायची. दव उतरल्यावर, म्हणजे सकाळी दहाच्या पुढे. पात्याला धार हवी. आणि पहिल्या खेपेला वरचा एक तृतीयांश भागच काढायचा. हिवाळाभर वाढलेलं गवत एकदम मुळापासून भादरलं तर ते उघडं पडतं आणि त्या जागी तण माजतं. तारीख अशी नसते. कॅलेंडर बघून लॉन कापायला काढणाऱ्याला मी कधी शहाणा म्हटलं नाही.

पण सांगणार कुणाला! पुण्याचा एक आयटीवाला मला जमिनीच्या तापमानाचा तक्ता पाठवायचा, रोज, रंगीत आलेखासकट. जमिनीवर मात्र पाय ठेवायचा नाही, बूट खराब होतात म्हणून. दुसरे एक डॉक्टर. त्यांच्या सासूबाई जुलैत येणार होत्या, तर म्हणाले, "काहीही करा, लॉन चकाचक पाहिजे." मी नाही म्हटलं. तर पठ्ठ्याने स्वतःच मोअर भाड्याने आणला, तो मधोमध रुतला, आणि सासूबाई टॅक्सीतून उतरल्या तेव्हा जावई गुडघाभर चिखलात मोअर ओढत होते. तरी म्हातारी कौतुकाने म्हणाली, "बाई, बाई, किती कष्टाळू!"

अशा वेळी मी ताठ मानेने 'नाही' म्हणायचो. जमीन तयार नाही म्हणजे नाही. माझा शब्द शेवटचा, आणि लोक तो मानायचे. एकाच वर्षी मी या शब्दाचा उपयोग खोटं बोलायला केला. सांगायचं आहे ते खरं त्याच वर्षाचं.

माझे वडील, नाना, कऱ्हाडच्या शाळेत गणित शिकवायचे, पुढे तिथेच मुख्याध्यापक झाले. मी त्यांच्याच वर्गात होतो, हे माझं दुर्दैव. आठवीत असताना एकदा त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं. हौदाचं गणित होतं, एक नळ भरतो, दुसरा रिकामा करतो. मी घोळ घातला. नाना खडू खाली ठेवून म्हणाले, "असंच चाललं तर आयुष्यभर गवत कापत बसशील." सगळा वर्ग हसला. त्या काळी सगळेच बाप असं बोलायचे, कुणी म्हशी राखायला पाठवायचं, कुणी हमाली करायला. नानांनी मला गवत दिलं, एवढंच.

आता सांगा, अशा माणसाला फोनवर काय सांगायचं? "प्रॉपर्टी मेन्टेनन्समध्ये आहे," असं सांगितलं. पुढे मीच त्यात जरा हवा भरली. माणसं माझ्या हाताखाली असल्यासारखं बोलायला लागलो. हाताखाली कोण, तर एक मोअर आणि एक ट्रिमर. आई होती तोवर ती फारसं विचारायची नाही. ती गेल्यावर नाना एकटे पडले, मीच आग्रह केला, या चार दिवस इकडे. ते आले आणि तेही ऑगस्टच्या शेवटी. सहा आठवड्यांसाठी. माझा हंगाम सुरू होण्याच्या नेमक्या मुहूर्तावर!

मग सुरू झाला तमाशा. ट्रेलर आणि मोअर मी परागच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवले. पराग म्हणजे माझा फार्मासिस्ट मित्र, जवळच राहतो. रोज सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉपची बॅग घेऊन घराबाहेर पडायचो. बॅगेत लॅपटॉप नाही, डबा आणि जुना टीशर्ट. परागकडे कपडे बदलायचे, ट्रेलर जोडायचा, आणि नदीपलीकडच्या घरांची लॉन्स कापायची. संध्याकाळी पुन्हा शर्ट चढवून, नखं घासून घरी.

"पन्नाशीला आलास," वैशाली स्वयंपाकघरात दबक्या आवाजात म्हणायची, "वडिलांपासून लपवतोयस काय, तर काम! लोक सिगरेट लपवतात."

"अगं, सहा आठवड्यांचा प्रश्न आहे."

"सांगून टाक ना. ते काय खाणार आहेत तुला?"

माझी मुलगी मुक्ता तेव्हा चौदा वर्षांची. तिचं मत एवढंच. "बाबा, धिस इज सो डम्ब." दोघींचंही बरोबर होतं.

अडचण होती ती रोटोटुनातल्या घरांची. नानांना रोज सकाळी तास-दीड तास चालायची सवय. इथले रिकामे, स्वच्छ फुटपाथ त्यांना फार आवडले. नेमकी त्याच रस्त्यांवर माझी सात गिऱ्हाइकं. समजा मी अर्ध्या चड्डीत मोअर ढकलतोय आणि कोपऱ्यावरून नाना आले, तर? या विचारानेच मला घाम फुटायचा. मग त्या सातही घरांना मी एकच उत्तर दिलं. जमीन अजून ओली आहे, थोडं थांबा.

सहाजणांचं काही बिघडलं नाही. सातवी होती जोन.

जोनबाई चौऱ्याऐंशीच्या. वस्तीच्या कडेला त्यांचं जुनं फार्महाऊस, भोवतीची कुरणं विकली जाऊन नवी घरं उभी राहिलेली. मागे लांबलचक लॉन, आणि लॉनच्या टोकाला नवऱ्याने लावलेलं कोवायचं झाड. कोवाय म्हणजे इथला बहावाच म्हणा, सप्टेंबरात पिवळा होऊन जातो, आणि मध प्यायला तुई पक्षी येऊन नुसता गोंधळ घालतात. झाडाखाली एक बाक. नवरा गेल्यापासून दर वसंतात फुलं असेपर्यंत जोनबाई दुपारचा चहा त्या बाकावर घ्यायच्या. त्या हिवाळ्यात त्या पडल्या, कमरेचं हाड मोडलं. वॉकर घेऊन चालायला लागल्या, पण एकटं राहणं संपलं. टाउरंगाला त्यांची मुलगी राहते, हेलन. तिने आपल्या जवळ एक वृद्धाश्रम बघितला होता. ऑक्टोबरच्या मध्यावर खोली मिळणार होती.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "सुधीर, कोवाय फुलायला लागलाय. एकदा बाकावर बसायचंय रे, जाण्याआधी. पण वॉकरची चाकं गवतात अडकतात. कधी येतोस?"

"जमीन ओली आहे, जोन. दोन आठवडे तरी थांबावं लागेल."

"असं? मला वाटलं वाळली. पण तुला जास्त कळतं, लव्ह."

त्या दिवशी सकाळीच मी नदीपलीकडे चार लॉन्स कापून आलो होतो. फोन घेतला तेव्हा माझे बूट हिरवे होते.

दोन आठवड्यांनी पुन्हा फोन. कोवाय भरात होता. मी पुन्हा तेच म्हणालो, आणि त्या पुन्हा म्हणाल्या, बरं, तुला जास्त कळतं. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. दुपारी नाना झोपले की पटकन जाऊन कापून येऊ, असं मी दोनदा ठरवलं. पण नाना दुपारी झोपायचेच नाहीत, आणि मोअरचा आवाज तीन गल्ल्या ऐकू जातो. खरं सांगायचं तर हीसुद्धा कारणंच. मी मनात हिशेब मांडला होता, सहा आठवडे झाले की नाना रविवारी जाणार, सोमवारी सकाळी पहिलं लॉन जोनबाईंचं. फुलं तोवर टिकतील थोडीफार. नाहीतरी त्या ऑक्टोबरच्या मध्याला जाणार आहेत. एखादी गोष्ट टाळायची असली की माणसाला गणित बरोबर जमतं.

त्याच सुमारास एका संध्याकाळी जेवताना नानांनी विचारलं, "काय रे, इथे हिवाळ्यानंतर गवत कापायची वेळ झाली हे लोकांना कसं कळतं?"

मी ताटात बघत विचारलं, "का हो?"

"सहज. चालताना बघतो. कुणाचं कापलेलं, कुणाचं वाढलेलं."

मी सांगितलं. शेजारी म्हणतात, लोक असं करतात, अशा आडवळणाने सांगितलं, पण एकदा सुरू झालो तो थांबलोच नाही. टाच कशी दाबायची, पाणी आलं तर काय, नाही आलं तर काय, एक तृतीयांशाचा नियम, पात्याची धार. वैशाली माझ्याकडे बघतच राहिली. नाना शांतपणे ऐकत होते, वर्गात हुशार मुलाचं उत्तर ऐकायचे तसे.

"म्हणजे वाफसा," ते म्हणाले.

हा शब्द मी कैक वर्षांत ऐकला नव्हता. पावसानंतर जास्तीचं पाणी उतरतं, ओल राहते पण चिखल राहत नाही, जमीन काम करण्याजोगी होते, तो वाफसा. ग्रॅहमने मला अख्खी विद्या शिकवली, पण त्याच्याकडे याला एक शब्द नव्हता.

"हो, वाफसाच," मी म्हणालो.

"मग आता आलाय की. सकाळी बघितलं मी टाच दाबून."

"आला असेल," मी म्हणालो आणि आमटी वाढून घेतली.

नाना जाण्याच्या आधीचा मंगळवार. रात्रीची जेवणं चालली होती, फोन टेबलावर होता. तो वाजला आणि पडद्यावर नाव आलं, जोन. मी कापला.

"घे की," नाना म्हणाले.

"ऑफिसचा आहे. उद्या बघतो."

नानांनी ताकाचा पेला उचलला आणि बराच वेळ पीत राहिले.

दुसऱ्या दिवशी परागच्या गॅरेजमध्ये कपडे बदलताना मी निरोप ऐकला. 'सुधीर, मी जोन. खोली लवकर रिकामी झाली, मला शनिवारीच न्यायचं ठरलंय. जमलं तर बघ. नाहीच जमलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. इतकी वर्षं तू लॉन फार छान ठेवलंस.'

शनिवार. नाना रविवारी जाणार होते. एका दिवसाचा फरक. मी फोन करून काहीतरी सांगायला हवं होतं, किंवा सरळ मोअर घेऊन जायला हवं होतं. त्या बुधवारी मी नदीपलीकडे पाच लॉन्स कापली. फोन केला नाही. आजही याचं कारण कुणी विचारलं तर माझ्यापाशी लाज सोडून दुसरं उत्तर नाही, आणि ती लाज जोनबाईंपेक्षाही मला मोठी वाटली, हे लिहितानासुद्धा नको वाटतं.

त्या आठवड्यात नाना सकाळी जास्त वेळ बाहेर असायचे. गुरुवारी रात्री ते वरणभात चमच्याने खायला लागले. नाना आणि चमचा! वैशाली हसली. "नाना, हे काय नवीन?"

"परदेशात आलोय, शिकावं म्हटलं थोडं."

शुक्रवारी बाथरूममध्ये त्यांची पॅन्ट स्वतः धुऊन वाळत घातलेली दिसली. गुडघ्यांना बाम चोळत बसले होते. "चालणं जरा जास्तच झालं," म्हणाले. मी म्हटलं, वयाचं भान ठेवा. मी त्यांना शहाणपण शिकवलं!

रविवारी ऑकलंडच्या विमानतळावर सोडायला गेलो.  आत जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, काही बोलतील असं वाटलं. "गाडी सावकाश ने," एवढंच म्हणाले.

सोमवारी परागकडून ट्रेलर काढला आणि आधी जोनबाईंकडे गेलो. त्या नसणार हे माहीत होतं. तरी गेलो. हेलन घर आवरत होती, व्हरांड्यात खोकी पडली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तीच म्हणाली, "ओ, सुधीर! तुझ्या वडिलांचे किती आभार मानू? माझी मम तर त्यांच्या प्रेमातच पडली."

मला काही कळेना. ती मला मागच्या बाजूला घेऊन गेली.

लॉन गुडघ्याला टेकलं होतं. आणि त्यातून, व्हरांड्याच्या उतारापासून थेट कोवायखालच्या बाकापर्यंत, कापलेली एक वाट गेली होती. रुंदी वॉकरची, वर दोन्हीकडे वीतभर. दोन्ही कडा दोरीत. खरंच दोरीत, कारण खुंट्या आणि सुतळी अजून तिथेच होती. गणिताचा मास्तर, आधी आखल्याशिवाय कसा कापेल? पण कापणं मात्र नवशिक्याचं. कुठे टक्कल पडलेलं, कुठे झिपऱ्या राहिलेल्या. वाटेवर पिवळ्या पाकळ्या पडल्या होत्या.

हेलनने सगळं सांगितलं. नाना फिरायला जाताना फाटकापाशी जोनबाईंशी बोलायचे. पहिल्याच दिवशी जोनबाईंनी विचारलं होतं, माझा लॉनवालाही इंडियन आहे, सुधीर म्हणून, तुम्ही ओळखता का? हा प्रश्न इथे आपल्याला सगळेच विचारतात, जसं काही सगळा भारत एकाच चाळीत राहतो. आपण हसून नाही म्हणतो.

"मग काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"म्हणाले, थोडा थोडा ओळखतो."

त्यानंतर मंगळवारी रात्री मी तो फोन कापला. आणि बुधवारी सकाळी जोनबाईंच्या दारावर टकटक झाली. हेलन आदल्या दिवशीच आली होती, तिनेच दार उघडलं. स्वेटर, टाय, भांग पाडलेला एक म्हातारा. "आय अ‍ॅम द लॉन मॅन्स फादर," असं म्हणाला. "माझ्या मुलाने सांगितलंय, जमीन आता तयार झाली. त्याला फार काम आहे, म्हणून सुरुवात करायला मला पाठवलंय." मोअर नव्हता. मग शेडमधली जोनबाईंच्या नवऱ्याची जुनी, गंजकी हातकात्री शोधली. तीन दिवस, रोज सकाळी, शहात्तर वर्षांचा माणूस गुडघ्यांवर बसून पुढे पुढे सरकत होता. हेलनने मदत करू का विचारलं तर म्हणाले, नको, हे आमच्या घरचं काम आहे. शुक्रवारी दुपारी जोनबाई वॉकर घेऊन त्या वाटेने बाकापर्यंत गेल्या. दोघांनी तिथे चहा घेतला, आणि फुलं गळून संपायच्या आत त्यांनी ती बघितली.

"हाताला फोड आले होते बिचाऱ्यांच्या," हेलन म्हणाली. "मी पट्टी लावते म्हटलं, तर नको म्हणाले, घरी दिसेल."

मी उरलेलं लॉन कापलं. एक तृतीयांश, सरळ पट्टे, जसं कापायचं तसं. त्या वाटेवर मोअर घातला नाही. जाताना हेलनने ती कात्री मला दिली. नानांनी ती तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवली होती.

त्या रात्री नाना घरी पोचल्याचा फोन आला. मी दिवसभर काय काय ठरवलं होतं! नाना, मला कळलं. नाना, चुकलो. पण विमान वेळेवर होतं का, खायला काय दिलं, यातच पाच मिनिटं गेली. मग तेच म्हणाले, "आला का रे वाफसा?"

"आला, नाना."

"मग लाग कामाला," म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढची चार वर्षं दर सप्टेंबरात त्यांचा फोन यायचा. इतर वेळी तब्येत, पाऊस, मुक्ताचा अभ्यास. सप्टेंबरात मात्र पहिला प्रश्न हाच. वाफसा आला का? मी म्हणायचो, आला, किंवा अजून आठवडा लागेल. हळूहळू मी जरा जास्त सांगायला लागलो, यंदा पाऊस लांबला, अमुक ठिकाणी शेवाळ फार आलंय. ते बारीक चौकशी करायचे. पण 'मी' हा शब्द मी त्यात कधी घातला नाही, आणि त्यांनीही घातला नाही. मला वाटायचं, फोनवर नको. पुन्हा आले की त्यांना ट्रेलरमध्ये बसवून सगळी गिऱ्हाइकं दाखवू, मोअर हातात देऊ, मग बोलू. एका वर्षी व्हिसाचं राहिलं. एका वर्षी त्यांचे गुडघे. ते गुडघे कशामुळे गेले, असा विचार मी कितीदा तरी केला आहे. मग एका फेब्रुवारीत, इकडे ऐन उन्हाळ्यात, सकाळी बहिणीचा फोन आला.

मी पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. दहाव्याला शाळेतले जुने विद्यार्थी आले होते, पोटं सुटलेले, केस पांढरे झालेले. त्यातला एक माझ्याजवळ येऊन बसला. आमच्या घरासमोरच किराणा दुकान चालवतो, माझ्या वर्गातलाच, बाळू. त्या दिवशी हौदाच्या गणितावर सगळ्यात जोरात हसलेला तो हाच.

"तू न्यूझीलंडला गवत कापतोस ना?" त्याने विचारलं.

माझे कान तापले. इतक्या वर्षांनी, वडिलांच्या दहाव्याला, पुन्हा तेच. पण त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती.

"सर सगळ्यांना सांगायचे. दुकानात येऊन बसले की तुझंच. तिकडची लोकं माझ्या पोराच्या शब्दाशिवाय लॉनला हात लावत नाहीत म्हणायचे. एकदा आम्हा चौघांना शाळेच्या मैदानावर नेऊन टाच दाबायला लावली. भर पावसाळ्यात, सांग!" तो हसला, डोळे पुसले. "आणि म्हणायचे, एकदा तिकडे आम्ही दोघांनी मिळून एक लॉन कापलं. बापलेकांनी. खरं का रे?"

आजूबाजूचे दोघे-तिघे माझ्याकडे बघत होते.

"खरं आहे," मी म्हणालो. "सुरुवात त्यांनी केली."